हौशी कॅमेरा आणि पोटाचा कॅमेरा

मी सरकारी कारकून आहे. पहिल्या तारखेला पगार, शनिवार-रविवार सुट्टी. या सुट्ट्यांच्या जोरावर गेली बारा-तेरा वर्षे मी खांद्याला कॅमेरा अडकवून मैदानांवर फिरतो आहे. फुटबॉल जास्त, क्रिकेट थोडे, आणि योग आला तर घोडे. घरच्यांच्या मते हे खूळ आहे, कचेरीतल्यांच्या मते ‘कला’. मला स्वतःला तो निरुपद्रवी छंद वाटत होता. ‘वाटत होता’ असे म्हणतो, कारण आता तसे वाटत नाही. त्याचीच ही गोष्ट.

आमच्या तालुक्यातल्या एका फुटबॉल स्पर्धेचे फोटो मी सलग तीन वर्षे काढून दिले. एक पैसा घेतला नाही. आयोजक खूश, खेळाडू खूश, बक्षीस समारंभात एक शाल आणि नारळ मिळाला म्हणून मीही खूश. एके दिवशी चहाच्या गाड्यावर एक जुना ओळखीचा फोटोग्राफर भेटला. फोटोग्राफी हाच त्याचा धंदा. लग्ने, बारशी, मुंजी आणि उरलेल्या दिवसांत खेळ. माझ्याआधी त्या स्पर्धेचे काम त्याच्याकडे असायचे हे मला तोवर माहीतच नव्हते. तो भांडला नाही. चहा संपवत एवढेच म्हणाला, “तुजो पगार पयले तारखेक जाता रे. म्हजो आयतारा जातालो.”

गोव्यातल्या वाचकाला याचा अर्थ सांगायला नको. मला मात्र तो समजायला बरेच दिवस लागले. खरे सांगायचे तर तो समजला लोधीखेड्यात.

आता हे लोधीखेडा कुठले? मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यातले हे गाव. माझी बायको नागपूरची आणि तिचे मामा लोधीखेड्याला राहतात. नागपूरहून सावनेर मागे टाकले आणि राज्याची सीमा ओलांडली की पाट्या हिंदी होतात, पण माणसे मराठीच बोलत राहतात. 1956 च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली त्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा केला. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत जगणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. म्हणून असेल, पण मला तिथे परके वाटले नाही.

आम्ही गेलो ते पोळ्याला. बैलांच्या शिंगांना रंग, अंगावर झुली, गळ्यात घुंगरमाळा. मी आपला कॅमेरा काढून सटासट फोटो घ्यायला लागलो. तेवढ्यात एक तिशी-पस्तिशीचा माणूस दिसला. त्याचा कॅमेरा माझ्यापेक्षा जुना आणि भिंग साधे. पण तो माझ्यासारखी घाई करत नव्हता. एका जोडीसमोर उभा राही, धन्याला बाजूला व्हायला सांगे, तोंडाने काहीतरी आवाज काढी, आणि बैलांनी माना उचलून कान पुढे केले की एकदाच बटण दाबी. पुढची जोडी.

मामांनी ओळख करून दिली. या माणसाची संत्र्याची बाग आहे. या पट्ट्यात संत्रे हेच मुख्य नगदी पीक. लग्नसराईत तो फोटो काढतो, म्हणजे घोडीवरचा नवरदेव हा त्याचा नेहमीचा विषय. पोळ्याला बैलजोड्यांचे फोटो काढतो आणि छापून घरोघरी देतो. किती दिवस कॅमेरा, किती दिवस बाग? तो हसून म्हणाला की पाऊस सांगेल तसे.

मी त्याला सहज विचारले, “गावातलीच माणसे ना, मग पैसे कशाला घेता?” त्याचे उत्तर मी जसेच्या तसे देतो. “जावईबापू, फुकट देला त लोक पेटीत टाकतेत. पैसे घेतले त भिंतीवर टांगतेत.”

मी गप्प बसलो. माझे तीन वर्षांचे फोटो किती भिंतींवर आहेत, याचा हिशेब मनातल्या मनात केला. तो फार सोपा निघाला.

मंडळी, हौशी श्रेष्ठ की व्यावसायिक, हा वाद आपल्याकडे नाटकापासून भजनापर्यंत सगळीकडे चालतो. फोटोग्राफीत तो जरा अवघड होतो, कारण इथे दोघांच्या हातात यंत्र तेच असते. आजचे कॅमेरे सेकंदाला वीस-तीस चित्रे घेतात, धावत्या घोड्याचा डोळा स्वतः शोधून त्यावर नजर धरतात. मग पूर्णवेळ माणसाची गरज काय, असे कुणालाही वाटेल.

गरज असते, आणि ती घोड्याच्या बाबतीत चटकन दिसते. घोडा अडथळ्यावरून उडी घेतो तेव्हा पुढचे पाय पोटाशी घट्ट दुमडलेले असण्याचा क्षण फार थोडा असतो. कान मागे पडलेले असतील तर फोटो कितीही स्वच्छ येवो, घोड्याचा मालक तो घेणार नाही, कारण मागे पडलेले कान म्हणजे जनावर वैतागलेले. स्वार खाली बघत असेल तर स्वार घेणार नाही. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर 1883 पासून घोडे धावत आहेत. तिथे मोसमभर उभा राहणारा माणूस हे डोळ्यांनी नव्हे, अंगाने शिकलेला असतो. मी वर्षातून एकदा जाऊन शंभर फोटो काढतो, त्यातले चार बरे निघतात आणि ते चार मी लोकांना दाखवतो. उरलेले शहाण्णव कोणी बघत नाही, म्हणून मी कलावंत ठरतो! व्यावसायिकाला ही चैन नाही. त्याला त्या दिवशी, त्या घोड्याचा, चांगला फोटो द्यावाच लागतो.

आणि काही कामे तर अर्धवेळ होणारच नव्हती. घोडा धावताना त्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात का, हा प्रश्न चित्रकारांना शतकानुशतके सुटला नव्हता. ते पाय पुढे-मागे ताणलेला घोडा काढत राहिले. एडवर्ड मायब्रिज या पेशेवर फोटोग्राफरने 1878 साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे ओळीने बारा कॅमेरे लावून दाखवून दिले की पाय सुटतात खरे, पण ते ताणलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना. या प्रयोगांना लेलँड स्टॅनफर्ड या धनाढ्य घोडेमालकाचे पाठबळ होते, आणि त्यांची सुरुवात 1872 मध्येच झाली होती. रविवारच्या सुट्टीत हे झाले नसते.

पण नोकरदारांनो, अगदी खजील होऊ नका. आपल्या बाजूलाही एक मोठे नाव आहे. लाला दीनदयाळ हे इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते, म्हणजे आपलेच जातभाई! 1874 च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि दहाएक वर्षे नोकरी सांभाळून काम केले. मध्य भारतातल्या प्राचीन वास्तूंची त्यांची छायाचित्रे लेपेल ग्रिफिन यांच्या 1886 च्या ग्रंथात आली. पुढे त्यांनी रजा काढली, मग नोकरीच सोडली, आणि हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होऊन ‘राजा’ झाले. हौस वाढली तेव्हा त्यांनी एका बाजूचा निर्णय घेतला. आपण दोन्ही दगडांवर पाय ठेवतो आणि तिसऱ्याचा दगड सरकवतो.

इथे आमच्या सेवानियमांची एक गंमत सांगतो. 1964 च्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियमांतला पंधरावा नियम म्हणतो की सरकारी नोकराने पूर्वपरवानगीशिवाय व्यापार-धंदा करू नये, पण साहित्यिक, कलात्मक किंवा वैज्ञानिक स्वरूपाचे प्रासंगिक काम करायला हरकत नाही. हेतू चांगलाच आहे. माझ्यासारखा पापभीरू कारकून त्यातून अर्थ काढतो तो असा की पैसे घेतले तर भानगड, फुकट दिले तर पुण्य. आणि नेमके हे पुण्यच कुणाच्या तरी ताटातला घास असते. नियमाने मला फोटो काढायची मोकळीक दिली. दुसऱ्याचे गिऱ्हाईक फुकटात उचल, असे काही त्यात लिहिलेले नाही.

मग हौशी माणसाने कॅमेरा माळ्यावर टाकावा का? मुळीच नाही. लोधीखेड्याचाच विचार करा. तिथे नुसता खेळ आणि जनावरे यांच्या फोटोंवर कुणाचे घर चालणार? तो संत्रेवाला अर्धवेळ आहे म्हणूनच त्या बैलजोड्यांची कुठेतरी नोंद राहते आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते, पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. त्याला खेळ म्हणावे की नाही, हा वाद वेगळा. माणसे जखमी होतात, मेलेलीही आहेत. त्या एका दिवसापुरते मोठे कॅमेरे बाहेरून येतात. बाकीच्या 364 दिवसांचा लोधीखेड्यातला आणि पांढुर्ण्यातला फोटोग्राफर स्थानिकच असतो, आणि त्याच्या खुंटीला कॅमेऱ्याशेजारी खुरपे लटकत असते.

आपल्याकडे आणि तिकडे फरक आहे तो एवढाच. त्याने तिथली रिकामी जागा भरली आणि मोबदला घेतला. मी भरलेली जागा फुकट देऊन रिकामी केली. दोघेही अर्धवेळच. तेव्हा अर्धवेळ की पूर्णवेळ हा प्रश्नच मला आता दुय्यम वाटतो. खरा प्रश्न असा, की मी जिथे उभा आहे तिथे माझ्याऐवजी पोटासाठी कॅमेरा धरणारा कोणी उभा राहिला असता का? राहिला असता, तर परवानगी काढून त्याच्याच दराने काम करावे, नाहीतर फोटो आपल्या वहीत ठेवावेत. नसता राहिला, तर खुशाल काढावेत, वाटावेत, पुढच्या पिढीसाठी जपावेत.

आयोजकांनाही एक सांगणे आहे. 2023 च्या सप्टेंबरात हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्ण मिळवले. घोडेस्वारीतले सुवर्ण 41 वर्षांनी आले. त्या चौघांत इंदूरची सुदीप्ती हजेला होती, मुंबईचा हृदय छेडा होता. त्याच वर्षी आपल्या गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. खेळ वाढतो आहे, मंडपाला पैसे आहेत, ध्वनिक्षेपकाला आहेत, पाहुण्यांच्या पुष्पगुच्छाला आहेत. फोटोग्राफरची पाळी आली की मात्र ‘आपलाच एक माणूस आहे, तो काढील’ असे म्हणतात. तो आपलाच माणूस मी होतो.

गोव्यात परतल्यावर त्या स्पर्धेचा निरोप नेहमीप्रमाणे आला. मी नाही म्हटले आणि त्या ओळखीच्या फोटोग्राफरचे नाव सुचवले. आयोजकांनी त्याला बोलावले नाही. तिसऱ्याच एका मुलाने फुकट काढून दिले म्हणे. बँकेत नोकरी करतो.

असो. त्या मुलाला एकदा चहाला बोलावणार आहे.