अंबत्तूरच्या पलीकडे : शिधापत्रिकेचा रंग

बदली झाल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत जे दिसते ते अधिकाऱ्याने टिपून ठेवावे, असे माझे मत आहे. पुढे डोळे सरावतात. सुरुवातीला विचित्र वाटलेले नेहमीचे होऊन जाते आणि नेहमीच्या गोष्टीवर कोणी टिपणी लिहीत नाही. मुंबईहून अंबत्तूरला आल्यानंतरची काही निरीक्षणे त्याच हेतूने येथे मांडत आहे.

अंबत्तूर आज खेडे राहिलेले नाही. 1856 मध्ये सुरू झालेला दक्षिण भारतातील पहिला लोहमार्ग याच गावावरून गेला. 1964 मध्ये येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, 2011 मध्ये नगरपालिका चेन्नई महापालिकेत विलीन झाली आणि 2018 मध्ये हा तालुका तिरुवळ्ळूर जिल्ह्यातून चेन्नई जिल्ह्यात गेला. माझे कार्यालय या शहरी टोकाला असले, तरी कामानिमित्त जावे लागते ते पलीकडच्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील गावांत. म्हणजे रोजचा मुक्काम शहरात आणि ओळख करून घ्यायची ती खेड्यांशी.

पहिली काही आश्चर्ये निसर्गाची आणि शब्दांची होती. आपल्याकडे जून उजाडला की महसूल खात्याची नजर आभाळाकडे लागते; येथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे आपण रब्बीच्या पेरण्या मोजत असतो तेव्हा. आपल्या सात-बाऱ्याशी नाते सांगणारा येथील कागद ‘अडंगल’. आपण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या तलाठी म्हणत आलो, त्याचे काम येथे ग्राम प्रशासकीय अधिकारी करतो. वंशपरंपरागत ग्राम-अधिकाऱ्यांची पदे येथे 1980 मध्ये रद्द झाली. आपल्याकडे कुलकर्णी वतने 1950 च्या आणि महसुली पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली. शब्द परके असले तरी मन्रोच्या रयतवारीची सावली दोन्हीकडे आहे. त्यामुळे चार दिवसांत दप्तर ओळखीचे वाटू लागते.

जे ओळखीचे वाटले नाही, ते होते शिधावाटप दुकान.

दौऱ्यात एखाद्या गावी थोडा वेळ मिळाला, की मी रेशनच्या दुकानापाशी जरा थांबतो. रांगेत शेतमजूर बाई असते, तशीच शाळामास्तरांच्या घरची बाईही असते. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या मनात लगेच प्रश्न येतो : यांच्या कार्डाचा रंग कोणता? आपल्याकडे 1999 पासून पिवळे, केशरी आणि पांढरे असे तीन रंग आहेत. पंधरा हजारांपर्यंत वार्षिक उत्पन्न असेल तर पिवळे, लाखाच्या वर गेले तर पांढरे. पुढे अन्नसुरक्षा कायद्यासाठी ग्रामीण भागात 44 हजार आणि शहरी भागात 59 हजारांची मर्यादा आली. येथे मात्र उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय कोणत्याही कुटुंबाला तांदळाचे कार्ड मिळू शकते. ज्याला रेशनचा तांदूळ नको, तो त्याऐवजी जादा साखरेचे कार्ड घेतो किंवा कोणतीही वस्तू न मिळणारे कार्ड घेतो. निवड कुटुंबाची, दाखला देणाऱ्या कारकुनाची नाही. जून 2011 पासून हा तांदूळ मोफत आहे. 1997 मध्ये केंद्राने ‘लक्ष्याधारित’ वितरण आणले तेव्हा तमिळनाडूने ते स्वीकारले नाही आणि नोव्हेंबर 2016 मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली येतानाही सर्वांसाठीची आपली पद्धत कायम ठेवली.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्हांला शिकवले गेले, की साधने मर्यादित असताना लाभ फक्त गरजूंपर्यंत पोचवणे हे कार्यक्षमतेचे लक्षण. कागदावर हे निर्विवाद आहे. परंतु त्याच शास्त्रात दोन चुकांचाही विचार आहे : अपात्राला लाभ मिळणे ही एक, आणि पात्र माणूस वगळला जाणे ही दुसरी. पहिल्या चुकीवर लेखापरीक्षक आक्षेप काढतो, विधिमंडळात प्रश्न येतो, वसुलीची नोटीस निघते. दुसऱ्या चुकीचा कागदच तयार होत नाही. ज्या विधवेचे नाव यादीत आलेच नाही, तिच्यावर कोणता लेखापरीक्षक आक्षेप काढणार? शासनयंत्रणा नेमकी जी चूक मोजली जाते तीच टाळते, आणि न मोजलेली चूक वाढत जाते.

सर्वांसाठी असलेल्या व्यवस्थेचा दुसरा फायदा पुस्तकात क्वचितच सापडतो. तांदूळ खराब आला तर मजूर बाई गप्प बसेल. मास्तरीणबाई बसणार नाहीत. ज्या दुकानावर गावातल्या बोलक्या घरांचे डोळे असतात, त्या दुकानदाराला वजनकाटा सांभाळूनच वापरावा लागतो. केवळ गरिबांसाठी ठेवलेल्या सोयीची निगा राखायला बहुधा कोणी उरत नाही. शाळेतील जेवणाची गोष्टही अशीच. कामराज यांनी 1956 मध्ये सुरू केलेली आणि एम. जी. रामचंद्रन यांनी 1982 मध्ये विस्तारलेली ही योजना 2022 पासून सकाळच्या न्याहारीपर्यंत पोचली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तोवर अनेक राज्ये मुलांच्या हाती दरमहा कोरडे धान्य देऊन मोकळी होत होती.

अर्थात, पहिल्या दर्शनाने भुलून जाऊ नये. या खर्चाचा मोठा भार राज्याच्या दारूविक्रीच्या महसुलावर आहे. 2003 पासून येथे दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळच करते. म्हणजे एका हाताने बाईच्या पदरात तांदूळ आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याच्या खिशातून मजुरी. जातीचे वास्तवही तितकेच उघडे आहे. येथील गावात ‘ऊर’ वेगळे आणि दलितांची ‘चेरी’ वेगळी. मराठी माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. डिसेंबर 2022 मध्ये पुदुक्कोट्टै जिल्ह्यातील वेंगैवयल येथे दलित वस्तीच्या पाण्याच्या टाकीत विष्ठा टाकल्याचे उघडकीस आले. एका रांगेत उभे केल्याने माणसे एका पंक्तीला बसतात असे नाही. पण रांगच वेगळी ठेवली तर पंक्तीचा प्रश्न उद्भवतच नाही, हेही खरे.

‘त्यांचे राज्य वेगळे, तेथील राजकारण वेगळे’ हे उत्तर मला मान्य नाही. सर्वांसाठी खुल्या हक्काचा देशातील एक मोठा प्रयोग महाराष्ट्राचाच आहे. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे ज्याचा आरंभ केला, त्या रोजगार हमीला दारिद्र्यरेषेचा दाखला लागत नव्हता. काम मागेल त्याला काम. ज्याला गरज नाही तो उन्हात खडी फोडायला येणारच नाही. 1977 मध्ये त्याचा कायदा झाला आणि 2005 मध्ये केंद्राने रोजगाराचा कायदा केला तेव्हा हाच अनुभव पायाशी होता. गरजू कोण हे तहसीलदाराने न ठरवता माणसाने स्वतः ठरवायचे, हे तत्त्व आपण देशाला दिले आणि रेशनच्या दुकानात मात्र विसरलो.

माझी सूचना मर्यादित आहे. सर्व महाराष्ट्रात एकदम नव्हे, तर नंदुरबार आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत उत्पन्नाच्या दाखल्याची अट काढून पाच वर्षे ही पद्धत चालवून पाहावी. वाढलेला धान्यखर्च लिहावा. दाखले, पडताळण्या आणि अपिले यांवरचा वाचलेला खर्चही लिहावा. आणि त्याच ताळेबंदात एक नवा रकाना काढावा : आधी वगळलेली आणि आता रांगेत आलेली कुटुंबे किती. आजवर हा रकाना आपल्या कोणत्याही विवरणपत्रात नाही. तो भरायला लागला, की कोणती पद्धत महाग पडते याचा वाद अंदाजावर चालणार नाही.