आजाऱ्याचे औषध : जीव लावावा, पण वहीही ठेवावी



विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागत आनंदाला घेऊन तेथे आले. दोघांनी त्याला धुतले, डोक्याकडून व पायांकडून उचलून बिछान्यावर निजवले. मग भिक्खूसंघाला त्यांनी बजावले, की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

तेथेच शुश्रूषा करणाऱ्याची पाच लक्षणे दिली आहेत. पहिले, औषध तयार करून देता येणे. दुसरे, आजाऱ्याला काय मानवते आणि काय नाही हे ओळखणे. मैत्रीभावाचा उल्लेख त्यानंतर येतो. म्हणजे नुसता जीव लावून भागत नाही, औषध कळावे लागते.

आपल्या वस्त्यांतील कितीतरी भगिनी आज ब्युरोमार्फत दुसऱ्यांच्या घरी बारा-बारा तासांची ड्युटी करतात. रविवारी विहारात वंदनेला येणाऱ्या एका ताईंनी सांगितलेली ही हकिकत. ताई सातवीपर्यंत शिकलेल्या. त्या ज्या आजींजवळ असत त्यांना दोन वेळा इन्सुलिन होते. इंजेक्शन घरची सून देई. एकदा तीन-चार दिवस आजींची शुगर वाढतच गेली. मुलगा म्हणाला, "ही बाई आईला चोरून गोड देते." ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. पण त्या रडत बसल्या नाहीत. त्यांनी कचऱ्याचा डबा पाहिला. आधीच्या सिरिंजची टोपी लाल होती, नव्या आणलेल्या सिरिंजची केशरी. त्यांनी सूनबाईंना ते दाखवले. सूनबाईंनी डॉक्टरांना फोन लावला आणि उलगडा झाला.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या पुष्कळदा एका मिलीलीटरला ४० युनिटच्या असतात. त्यांना लाल टोपीची सिरिंज लागते. केशरी टोपीची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत औषध घेतले, तर अंगात ८ युनिटच जातात. उलट १०० चे इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत घेतले, तर ५० युनिट जातात. त्यात माणूस दगावू शकतो. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग दर वेळी ताडून पाहावा.

मुलाने माफी मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने औषधांसाठी एक वही आणून दिली. ती वही प्रत्येक घरात हवी. आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. गोळीचे नाव, किती, केव्हा आणि कोणी दिली हे दिल्यानंतरच लिहावे, आगाऊ नाही. ड्युटी बदलताना वही दाखवूनच निघावे. लिहिता येत नसेल तर सकाळच्या गोळ्यांच्या डब्यावर सूर्य, रात्रीच्या डब्यावर चंद्र काढून घ्यावा आणि दिल्यावर वहीत खूण करावी.

२. सरकारी दवाखान्याची गोळी एका नावाची आणि खाजगी डॉक्टरची दुसऱ्या नावाची, पण आतले औषध एकच, असे होते. माझ्या सासूबाई बी.पी.ची ॲम्लोडिपिन अशीच दोन नावांनी घेत होत्या. पाय सुजले आणि चक्कर येऊ लागली तेव्हा कळले. घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून एकाच डॉक्टरांना दाखवाव्यात.

३. गोळ्या पट्टीतच ठेवाव्यात. नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग शेवटी कापावा. गिळता येत नाही म्हणून विचारल्याशिवाय गोळी चुरडू नये. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठी केलेल्या असतात.

४. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने जीव गेले आहेत. तिचा वार वहीवर मोठ्या अक्षरांत लिहावा.

५. एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. डॉक्टरांना विचारावे.

६. आजारी जेवला नसेल तर मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन देण्याआधी विचारावे. दरदरून घाम, थरथर, बडबड ही साखर उतरल्याची लक्षणे होत. शुद्ध असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा.

७. न उघडलेले इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कधीही नको. फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या माठाचा उपयोग होतो.

ड्युटीवरच्या भगिनींना आणखी एक सांगणे. नर्सिंगचे शिक्षण नसेल तर इंजेक्शन आणि सलाईनला हात लावू नका. गोळी कमी-जास्त करायला कोणी तोंडी सांगितले, तर चिठ्ठी मागा. "आम्हांला ते काम नाही" म्हणण्यात उद्धटपणा नाही. चूक झालीच तर लपवू नका, ताबडतोब सांगा. खरे बोलण्याचे शील येथे दुसऱ्याचा प्राण वाचवते.

आणि ज्यांच्या घरी अशी बाई येते त्यांच्यासाठी विशाखेची आठवण. या उपासिकेने तथागतांकडे जे आठ वर मागितले, त्यांत आजारी भिक्खूंना औषध आणि अन्न देण्याची परवानगी होती. पण शुश्रूषा करणाऱ्यालाही अन्न देऊ द्यावे, असे तिने वेगळे मागितले. तो स्वतःच्या अन्नासाठी हिंडत राहिला, तर आजाऱ्याच्या अन्नाची वेळ टळेल, हे तिने ओळखले होते. बारा तास उपाशी, धास्तावलेल्या बाईच्या हातून चूक होणारच. तिला वेळेवर जेवण आणि मानाचा शब्द द्या. तुमच्या आईचे औषध त्यामुळेही वेळेवर होईल.