गिलाव्याचा कोपरा आणि पट्टीची निवड

घरबांधणीच्या अंदाजपत्रकात काही बाबी इतक्या लहान असतात की त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बाहेरच्या गिलाव्याच्या कडेला बसवावयाची पट्टी, जिला बाजारात कॉर्नर बीड म्हणतात, ही त्यांपैकीच एक.

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत पाऊस सर्वत्र सारखा नाही. महामार्गालगत नसरापूर-किकवीकडे तो बेताचा, तर वरंधा घाटाच्या व तोरण्याच्या बाजूला धुवांधार. पूर्वीच्या घरांना दगडी जोते व पुढे आलेल्या वळचणी असत. पागोळ्या भिंतीपासून दूर पडत. आज सपाट स्लॅबखालची भिंत थेट पावसासमोर उभी असते. तिचा सर्वांत दुर्बळ भाग म्हणजे कोपरा. दुकानात माल उतरविताना पेट्या व हातगाड्या त्यावरच आदळतात. टवका उडाला की तेथून पाणी आत मुरते आणि ओल गोदामातील धान्य-कापडापर्यंत पोहोचू शकते.

पट्टी निवडताना प्रथम पाहावे ते तिचे द्रव्य. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी स्वस्त व सहज मिळणारी. परंतु ती कापली की कापलेल्या टोकाला लोखंड उघडे पडते. सतत ओल राहिली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून गिलावा आतून उचलला जाऊन फुटतो. अशी पट्टी घराच्या आत ठीक, बाहेर नको. साध्या अ‍ॅल्युमिनियमला ओल्या सिमेंटचा क्षार खातो. बाहेरच्या भिंतीसाठी म्हणून दोनच पर्याय उरतात: उन्हात टिकणारी, बाहेरच्या वापरासाठी बनविलेली पीव्हीसी पट्टी किंवा स्टेनलेस स्टीलची. पीव्हीसी गंजत नाही आणि बहुतेक घरांना पुरते. जेथे धक्के बसतात त्या दुकान-गोदामाच्या कोपऱ्याला स्टेनलेस स्टील घ्यावे. ते महाग, पण मजबूत.

दुसरी गोष्ट मापाची. आपल्याकडे बाहेरचा सँडफेस गिलावा साधारणपणे १२ व ८ मिलिमीटर अशा दोन थरांत, एकूण २० मिलिमीटर होतो. पट्टीची उंची त्याच्याशी जुळली पाहिजे. ती ओळंब्यात धरून सिमेंटच्या मसाल्यानेच बसवावी. बाहेर जिप्सम वापरू नये, कारण ते ओलीत टिकत नाही. साधे लोखंडी खिळेही ठोकू नयेत. त्यांचा गंज पट्टीचा सारा लाभ घालवतो.

खिडकीच्या वर व जोत्याच्या वर गिलावा जेथे संपतो, तेथे बाहेर झुकलेल्या कडेची वेगळी पट्टी मिळते. तिच्यामुळे पाणी भिंतीवरून ओघळत न राहता बाहेर गळून पडते. गिलावा थेट जमिनीला भिडवू नये. सुमारे १५० मिलिमीटर वर थांबविल्यास जमिनीची ओल त्यातून वर चढत नाही.

रुंद छज्जाखालच्या, धक्का न लागणाऱ्या कोपऱ्याला मात्र पट्टीची गरज नाही. कुशल गवंडी रंध्याने नीट धार काढून देतो. तेथील बचत पश्चिमेच्या, पावसाच्या माऱ्यातील कोपऱ्यांवर खर्च करावी.

ठेकेदाराच्या दरपत्रकात केवळ ‘गिलावा, चौरस फूट’ असे असेल, तर पट्टीचे द्रव्य, रनिंग फुटाचा दर आणि एकूण लांबी स्वतंत्रपणे लिहून घ्यावी. लिहिलेले नसेल, तर बहुधा स्वस्तातली पट्टीच येते. आणि ती एकदा गिलाव्याखाली गेली की तपासता येत नाही. म्हणून गिलावा चढण्यापूर्वी, पट्ट्या बसविल्याच्या दिवशी, घरातील एकाने स्वतः जाऊन त्या पाहाव्यात.