विश्लेषण : महाराष्ट्राचा सर्वांत मोठा मल्ल कोण? गदांची मोजणी कुठे चुकते?

गावोगावच्या जत्रांचा हंगाम आला की चाकण, राजगुरुनगर, आळंदी, भोसरी या पट्ट्यात कुस्त्यांचे फड भरतात. हलगी वाजायच्या आधीच एक वाद पेटलेला असतो : महाराष्ट्राचा आजवरचा सर्वांत मोठा मल्ल कोण? पूर्वी हा वाद पारावर आणि तालमीच्या ओट्यावर चालायचा. आता तो कंपनीच्या बसमध्ये, पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या ‘टॉप टेन’ याद्यांवर चालतो. यादी कुणीही केलेली असो, तिचे माप बहुधा एकच असते. कुणाच्या खांद्यावर महाराष्ट्र केसरीची गदा किती वेळा आली?

हिशेब सोपा आहे, म्हणूनच लोकप्रिय आहे. पण राज्याच्या कुस्तीने काय कमावले आणि काय गमावले, हे त्यातून कळत नाही. शिवाय हा हिशेब केवळ गप्पांपुरता राहात नाही. तालमीत घाम गाळणाऱ्या पोराने कोणत्या वजनात खेळायचे, हेही तोच ठरवू लागतो.

गदा मोजल्या तर पहिला नंबर कुणाचा?

महाराष्ट्र केसरी किताबाची सुरुवात १९६१ची. दिनकर दह्यारी हे पहिले मानकरी. त्यानंतर गणपत खेडकर, चंबा मुत्नाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार आणि बऱ्याच वर्षांनी चंद्रहार पाटील यांनी हा किताब दोनदा मिळवला. तीन वेळा, तेही लागोपाठ, जिंकण्याची कामगिरी नरसिंग यादवने २०११ ते २०१३ या काळात केली. त्याची तिसरी गदा भोसरीच्या आखाड्यातली. पाठोपाठ जळगाव जिल्ह्यातल्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी हॅटट्रिक साधली.

म्हणजे गदांच्या हिशेबाने दोघे बरोबरीत. मग पुढे काय? इथे शौकिनांच्या दोन फळ्या पडतात. नरसिंगच्या बाजूचे सांगतात, तो ७४ किलो गटात जागतिक पातळीवर खेळणारा मल्ल. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य. आपल्या नेहमीच्या गटाहून जड गड्यांशी भिडून त्याने तीन वेळा केसरी मिळवली. समोरचे लगेच रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावरचे उत्तेजक प्रकरण आणि चार वर्षांची बंदी काढतात. विजयच्या बाजूचे म्हणतात, तो अस्सल केसरी गटातला मल्ल, त्याने त्याच गटात तीन वर्षे कुणाला उभे राहू दिले नाही. दोन्ही बाजूंचे बोलणे खरे आहे. फक्त दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात, आणि गदांचा आकडा दोघांनाही उत्तर देत नाही.

एका वर्षात दोन केसरी, तर गदा कशी मोजायची?

खेड तालुक्यात हा प्रश्न घरचा आहे. राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीचा शिवराज राक्षे जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला झालेल्या स्पर्धेत महेंद्र गायकवाडला हरवून महाराष्ट्र केसरी झाला. त्याला चांदीच्या गदेबरोबर थार गाडी मिळाली. (मोटारी बनवणाऱ्या पट्ट्यात कुस्तीचे बक्षीस मोटारच असावे, यात नवल काय!) पण त्या स्पर्धेची खरी चर्चा रंगली ती माती विभागातल्या एका डावावर. महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर टाकलेल्या बाहेरच्या टांगेला चार गुण द्यायला हवे होते की नाही, यावर कित्येक दिवस मोबाइलवर तोच व्हिडिओ पुढे-मागे करून पाहिला जात होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. कुस्ती संघटनेत फूट पडलेली असल्याने दोन्ही गटांनी आपापली स्पर्धा भरवली. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखने शिवराजला काही क्षणांत अस्मान दाखवले आणि गदा उचलली. काही दिवसांनी धाराशिवला शिवराजने हर्षवर्धन सदगीरला हरवून दुसरी गदा घेतली. एकाच महिन्यात एक मल्ल केसरीची अंतिम कुस्ती हरतो आणि जिंकतोही. यादी करणाऱ्याने शिवराजच्या नावापुढे दोन लिहायचे की दीड?

२०२५ मध्ये पुन्हा तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला वेताळ शेळके. अहिल्यानगरच्या स्पर्धेत पाठ टेकली की नाही यावरून शिवराजने पंचाला लाथ मारली. त्याला आणि महेंद्र गायकवाडला तीन वर्षांसाठी निलंबित केले गेले. पंचांचा निर्णय योग्य होता की नाही यावर शौकिनांचे एकमत होणार नाही. पण पंचावर पाय उचलणे कोणत्याच तालमीत शिकवत नाहीत, आणि हे सांगण्यासाठी व्हिडिओ पुढे-मागे करावा लागत नाही. एका गदेभोवती गाडी, रोख रक्कम, सत्कार आणि अख्ख्या तालुक्याची अब्रू गुंडाळली की एका निर्णयाचे ओझे किती वाढते, हेही त्या दिवशी दिसले.

याउलट जानेवारी २०२० ची बालेवाडीतली अंतिम कुस्ती आठवावी. हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघेही काका पवारांचे पठ्ठे. निकाल लागल्यावर हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेऊन मैदानात फेरी मारली. गदांच्या यादीत या गोष्टीला रकाना नाही.

जुन्या मल्लांचे काय?

वडीलधारी मंडळी या वादात उतरली की गदांची यादी पार कोलमडते. गणपतराव आंदळकर आणि मारुती माने, दोघेही हिंदकेसरी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणले. आंदळकरांचे सुवर्ण ग्रीको-रोमनमधले, मानेंचे फ्रीस्टाइलमधले. मातीत वाढलेल्या मल्लांनी गादीवर जाऊन, वेगळ्या नियमांत, हे केले. महाराष्ट्र केसरीच्या मानकऱ्यांत मात्र दोघांचीही नावे नाहीत. दादू चौगुले यांनी दोनदा केसरी मिळवली आणि १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यही जिंकले, म्हणून ते कोणत्याही मापाने वर राहतात. असे मल्ल थोडे.

आणि खाशाबा जाधव? कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावा आला. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ मध्ये खाशाबांनी कांस्य आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तेव्हा महाराष्ट्र केसरी सुरूही झालेली नव्हती, त्यामुळे ते यादीत नाहीत यात कुणाचा दोष नाही. पण समजा खाशाबा आज असते, तरी ते महाराष्ट्र केसरी होऊ शकले नसते. त्यांना त्या गटात उतरूच दिले नसते.

८६ किलोची वेस

महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोंचा. खाशाबांचा हेलसिंकीतला गट होता ५७ किलोंचा.

ही एकट्या खाशाबांची गोष्ट नाही. पॅरिस २०२४ पर्यंत भारताला कुस्तीत आठ ऑलिम्पिक पदके मिळाली. खाशाबा जाधव ५७ किलो. सुशील कुमार दोन वेळा, दोन्ही ६६ किलो. योगेश्वर दत्त ६०, साक्षी मलिक ५८, रवी दहिया ५७, बजरंग पुनिया ६५, अमन सेहरावत ५७. आठही पदकांत सर्वांत जड गट ६६ किलोंचा. महाराष्ट्राचा सर्वांत मानाचा किताब त्याच्या वीस किलो वर सुरू होतो.

भारतीय बांध्याला हलके गट मानवतात, जड गटांत इराण, रशिया, अमेरिका, तुर्कस्तान यांच्या मल्लांपुढे टिकणे अवघड जाते, हे कुठल्याही वस्तादाला ठाऊक असते. तरी राज्यातला पैसा, गर्दी आणि कौतुक केसरी गटाकडेच वाहते. राज्य स्पर्धेत ५७, ६१, ६५, ७० असे हलके गटही खेळले जातात. अलीकडे त्या विजेत्यांना मोटारसायकली मिळू लागल्या आहेत, हे चांगलेच. पण त्यांची नावे किती शौकिनांना सांगता येतील? केसरीला थार आणि हलक्या गटाला दुचाकी, यातून पोराला जो निरोप जायचा तो जातो.

या निरोपाची किंमत घरात मोजली जाते. बाप कारखान्यात कंत्राटावर, आई धुणीभांडी किंवा शेतात, आणि पोरगा तालमीत. दूध, बदाम, तूप, थंडाई असा खुराक म्हणजे महिन्याच्या पगारातला मोठा घास. ६५ किलोंत चपळ असलेला पोरगा वजन वाढवायला लागतो, कारण जत्रेत मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती मोठ्या अंगाच्या गड्यांची लागते. फडाची रचनाच तशी. लहान पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्यांनी सुरुवात, मग इनाम चढत जाते आणि शेवटी नावाजलेली जोड. गावाची ही सुद्धा एक क्रमवारीच आहे, आणि ती मोबाइलवरच्या यादीपेक्षा फार जुनी आहे. फडाला ती शोभते, कारण तिथे लोक तमाशागिरासारखे डोळे भरून कुस्ती पाहायला येतात. राज्याच्या कुस्तीचे धोरण मात्र जत्रेच्या फडावरून ठरू नये.

राहुल आवारे मोठा की नाही?

गदा मोजणाऱ्यांना विचारावा असा हा एक नेमका प्रश्न. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखाली घडला. बिराजदार स्वतः १९६९ चे महाराष्ट्र केसरी. त्यांच्या पश्चात राहुलला काका पवारांनी पुढे नेले. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलोंत सुवर्ण जिंकले, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोंत कांस्य. त्याच्या नावावर महाराष्ट्र केसरीची गदा नाही, असूही शकत नाही. पण गेल्या पंधरा वर्षांतल्या बहुतेक केसरींना जागतिक पदकाच्या जवळपासही जाता आलेले नाही. ‘टॉप टेन’मध्ये तो नसेल तर ती यादी कुस्तीची नाही, गदांची आहे. तशी स्पष्ट पाटी लावून ती करायला हरकत नाही.

सरकारी नोकरीच्या बाबतीत मात्र व्यवस्थेने एकच माप लावलेले नाही. नरसिंग यादव, विजय चौधरी आणि राहुल आवारे, तिघेही पोलीस उपअधीक्षक झाले. एकाच्या हाती गदा आणि जागतिक पदक, दुसऱ्याच्या हाती तीन गदा, तिसऱ्याच्या हाती फक्त आंतरराष्ट्रीय पदके. शौकिनांनी निदान एवढी मोकळीक तरी घ्यावी.

मुलींसाठी महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली ती मार्च २०२३ मध्ये सांगलीला, आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. पुरुषांच्या स्पर्धेनंतर तब्बल ६२ वर्षांनी. मोबाइलवरच्या याद्यांत हे नाव दिसत नाही. याद्या करणाऱ्यांना ते सुचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग यादी करायचीच नाही का?

करावी, जरूर करावी. वाद घालणारा शौकीन नसेल तर आखाड्याला कळा येत नाही. पण गटवार करावी. ५७ ते ६५ किलोंचे दहा, मधल्या गटांचे दहा, केसरी गटाचे दहा, मुलींचे दहा. प्रत्येक नावापुढे त्याने कुणाला हरवले ते लिहावे, कारण दुबळ्या वर्षातली गदा आणि तगड्या वर्षातली गदा सारखी नसते. जिथे वर्षात दोन केसरी झाले तिथे दोन्ही नावे लिहावीत, शिवराजच्या नावापुढे फुलगावची हारही लिहावी आणि धाराशिवची जीतही. खेड तालुक्यातल्या शौकिनांना ती हार लिहिताना जड जाईल. दोन संघटना एक होईपर्यंत केसरी या शब्दापुढे ‘कोणाची’ हा प्रश्न राहणारच, आणि तो सोडवणे शौकिनांच्या नव्हे, पदाधिकाऱ्यांच्या हातात आहे.

हलक्या गटाची यादी करायला बसले की पहिले नाव खाशाबांचे येईल. त्यानंतर राहुल आवारे. मधल्या जागा भरायला शौकिनांना जुन्या वस्तादांकडे जाऊन विचारावे लागेल, कारण ती नावे कुणी लिहूनच ठेवलेली नाहीत. महाराष्ट्राला खाशाबांनंतरचे दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ७२ वर्षांनी मिळाले, पॅरिसमध्ये, स्वप्नील कुसळेकडून. ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेळाडूचे, पण नेमबाजीतले.