थॉमस पेनचा हिशेब

थॉमस पेनचा हात पाडापाडीत जितका चालतो तितका बांधकामात चालत नाही, असा शेरा अमेरिकन क्रांतीचा पुढारी जॉन अॅडम्स याने मार्च 1776 मध्ये पत्नीला लिहिलेल्या पत्रात मारला. पेनचे ‘कॉमन सेन्स’ प्रसिद्ध होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. शेरा प्रतिस्पर्ध्याचा होता आणि घाईचाही होता, तरी तोच टिकला. इतिहासाच्या पुस्तकांत वॉशिंग्टन राष्ट्र उभारतो, जेफर्सन जाहीरनामा लिहितो, मॅडिसन राज्यघटना घडवतो आणि पेन लोकांची माथी भडकवतो. मराठीत त्याच्या वाट्याला बहुधा एवढेच येते, की जोतीराव फुल्यांनी विशीच्या उंबरठ्यावर त्याचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. फुल्यांचे चाहते या माहितीचा उपयोग प्रशस्तिपत्रासारखा करतात आणि विरोधक तिच्यावरून फुल्यांचा विचार उसना ठरवतात. त्या पुस्तकात आहे काय, हे सांगण्याची तसदी दोन्हीकडचे फारसे घेत नाहीत. ती घेतली तर अॅडम्सचा शेराही उरत नाही आणि उसनवारीचा आरोपही उरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पूर्वपक्ष आधी पुरा मांडायला हवा. पेन 1737 मध्ये इंग्लंडातल्या थेटफर्ड गावी जन्मला. बापाचा धंदा स्त्रियांचे कॉर्सेट शिवण्याचा, तोच तो शिकला. पुढे अबकारी खात्यात नोकरी धरली आणि तिच्यातून दोनदा काढला गेला. बेंजामिन फ्रँकलिनची शिफारसपत्रे घेऊन 1774 च्या अखेरीस तो फिलाडेल्फियाला उतरला तेव्हा वय 37, शिक्षण बेताचे, कायद्याचा अभ्यास नाही. युरोपातल्या प्रगत देशांत राजेशाही आणखी सात वर्षेही टिकणार नाही, असे भाकीत त्याने 1792 मध्ये केले आणि ते साफ चुकले. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत तो निवडून गेला, पण फ्रेंच बोलता येत नसल्याने त्याची भाषणे दुसऱ्याला वाचून दाखवावी लागत. 1796 मध्ये वॉशिंग्टनला लिहिलेले जाहीर पत्र तर त्याच्या कडवटपणाचा नमुनाच आहे. हे सगळे मला मान्य आहे. यातल्या एकाही गोष्टीने तो केवळ चिथावणीखोर होता हे मात्र सिद्ध होत नाही.

‘कॉमन सेन्स’ त्या एका वर्षात पंचवीस वेळा छापले गेले. राजावरची टीका सगळ्यांच्या लक्षात राहिली, तिच्यापुढची पाने राहिली नाहीत. तिथे पेनने नव्या राज्याचा आराखडाच मांडला आहे. प्रत्येक वसाहतीतून किमान 30 प्रतिनिधी, म्हणजे तेरा वसाहतींचे मिळून किमान 390. अध्यक्ष कोणत्या वसाहतीचा हे चिठ्ठी टाकून ठरवायचे, पुढच्या खेपेला ती वसाहत वगळून उरलेल्या बारांत चिठ्ठी टाकायची, म्हणजे पाळी सगळ्यांची येईल. कायदा संमत व्हायला तीन पंचमांश मते हवीत. हे सगळे ठरवणारी सनद कोणी लिहायची, त्या बैठकीला कोणी किती माणसे पाठवायची, हेही त्याने लिहून ठेवले. आराखडा कच्चा आहे, आणि आपण फक्त सूचना करत आहोत असे पेन स्वतःच म्हणतो. पण ज्याला बांधकामाची फिकीर नाही तो माणूस चिठ्ठ्यांचा क्रम ठरवत बसत नाही. अॅडम्सला खरी भीती वाटली ती या आराखड्याच्या लोकशाहीपणाची. एकाच सभागृहाच्या हाती सत्ता आणि तिला आवर घालणारे दुसरे कोणी नाही, हे त्याला धोक्याचे वाटले आणि उत्तरादाखल त्याने ‘थॉट्स ऑन गव्हर्नमेंट’ लिहिले. हा दोन बांधकामांमधला वाद होता. अॅडम्सने तो बांधणारा आणि पाडणारा यांच्यातला करून टाकला, आणि आपण तो तसाच स्वीकारला.

आता ‘राइट्स ऑफ मॅन’. ते एडमंड बर्कला दिलेले उत्तर आहे. बर्क लहान माणूस नव्हता. अमेरिकन वसाहतींची बाजू त्याने पार्लमेंटात लढवली होती आणि भारतातल्या कारभाराबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणाराही तोच. पेन काही दिवस त्याच्याकडे पाहुणा राहिला होता. पण 1790 मध्ये फ्रेंच क्रांतीवर लिहिताना बर्कने पूर्वजांनी घालून दिलेली व्यवस्था पुढच्या पिढ्यांना बांधून ठेवते असा पक्ष घेतला, आणि मेलेल्यांना जिवंतांवर राज्य करण्याचा हक्क कोणी दिला, हा पेनचा प्रश्न होता. पहिला भाग 1791 मध्ये आला. वादाची चर्चा बहुधा इथेच थांबते. मला महत्त्वाचा वाटतो तो फेब्रुवारी 1792 चा दुसरा भाग, आणि त्यातही पाचवे प्रकरण.

या प्रकरणात पेन अबकारी अधिकारी होऊन हिशेब मांडतो. इंग्लंड कर किती गोळा करते, त्यातला युद्धावर किती जातो, दरबारावर किती, आणि युद्धे थांबवली तर वाचेल किती. मग त्या पैशाचे काय करायचे ते येते. गरीब घरांतल्या चौदा वर्षांखालच्या 6,30,000 मुलांमागे वर्षाला 4 पौंड, म्हणजे 25,20,000 पौंड. अट एकच, आईबापांनी मुलाला शाळेत घालायचे. पन्नाशी ओलांडलेल्या 70,000 गरजूंना वर्षाला 6 पौंड आणि साठीपुढच्या तेवढ्याच लोकांना 10 पौंड, मिळून 11,20,000. बाळंतपणाला 20 शिलिंग, लग्नाला 20 शिलिंग. कामासाठी घर सोडून आलेला मजूर परमुलखात मेला तर त्याच्या अंत्यविधीचा खर्चही धरलेला आहे. शिवाय मोठ्या जमीनजुमल्यावर उत्पन्नाबरोबर चढत जाणारा कर. अंदाज ढोबळ आहेत, लोकसंख्येची खात्रीची मोजणी तेव्हा झालेलीच नव्हती. पण म्हातारपणाच्या या पैशाबद्दल तो स्पष्ट बजावतो की हा धर्मादाय नव्हे, हक्क आहे. माणसाने जन्मभर मिठावर, साबणावर, मेणबत्तीवर, बिअरवर कर भरला, त्याचीच ही परतफेड.

हे त्याला सुचले ते ग्रंथालयात बसून नव्हे. अबकारी कर गरिबाच्या स्वयंपाकघरातून कसा निघतो हे त्याने वसूल करता करता पाहिले होते. 1772 मध्ये त्याने आपल्या खात्यातल्या लोकांच्या पगारवाढीसाठी पार्लमेंटकडे अर्ज लिहिला, त्याचीही रीत हीच: वर्षाचा पगार 50 पौंड, त्यातून घोड्याचा आणि इतर सक्तीचा खर्च वजा केला की हाती दिवसाला पावणेदोन शिलिंगच्या आसपास उरतात, आणि एवढ्यात घर चालवणारा माणूस लाच का घेणार नाही? वीस वर्षांनी त्याने हाच प्रश्न साऱ्या देशाच्या जमाखर्चाला लावला. ब्रिटनने वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा कायदा केला तो 1908 मध्ये, आणि तोही सत्तरीपासून पुढे.

सरकार घाबरले ते हा हिशेब सामान्यांच्या हाती गेल्याने. 18 डिसेंबर 1792 रोजी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये या दुसऱ्या भागाबद्दल पेनवर खटला चालला. पेन तेव्हा फ्रान्समध्ये होता. सरकारी वकिलाने सांगितलेले कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तीन शिलिंग किमतीचा पहिला भाग जाणत्या वाचकांपुरता राहील म्हणून आपण तो सोडून दिला, पुढे मात्र हे लिखाण हर तऱ्हेने सामान्य माणसांच्या हातात घालण्यात आले, पोरांच्या मिठाईचे कागददेखील त्याचेच निघाले, अशी त्याची तक्रार होती. थॉमस अर्स्किनने बचावाचे लांबलचक भाषण केले. ज्युरीने सरकारी उत्तराचीही वाट न पाहता पेनला दोषी ठरवले. पुस्तक कोण वाचणार यावर गुन्हा ठरत होता, हे सरकारनेच न्यायालयात उघड सांगितले. पेन ‘उथळ’ होता, ‘बाजारू’ होता, या आजच्या शेऱ्यांचेही मूळ मला तिथेच दिसते.

राहिला चारित्र्याचा भाग. ब्रिटिश सरकारच्या नोकरीतल्या जॉर्ज चाल्मर्सने टोपणनावाने त्याचे बदनामीकारक चरित्र 1791 मध्येच लिहिले होते. जवळजवळ शतकाने थिओडोर रूझवेल्टने, दोन गलिच्छ विशेषणे जोडून, त्याला नास्तिक म्हटले. पेनचे ‘द एज ऑफ रीझन’ हाती धरले असते तरी हे लिहिण्याचे धाडस झाले नसते. त्यात पेन आरंभीच एका ईश्वरावरची आपली श्रद्धा सांगतो. फ्रान्समध्ये चर्चबरोबर ईश्वरालाही हद्दपार करण्याची लाट आली होती, ती थोपवणे हा त्या पुस्तकाचा एक हेतूच होता. त्याचा विरोध होता तो ईश्वर आणि माणूस यांच्यामध्ये बसलेल्या पुरोहितांना.

आणि चिथावणीखोर? जानेवारी 1793 मध्ये सोळाव्या लुईला मृत्युदंड द्यावा की नाही यावर पॅरिसमध्ये मतदान झाले. जन्मभर राजेशाहीविरुद्ध लिहिलेला पेन उभा राहिला आणि राजाला मारू नका, अमेरिकेत पाठवून द्या, असे त्याने सांगितले. जहाल क्रांतिकारक मारात मध्येच ओरडला की हा मृत्युदंडाला विरोध करणाऱ्या क्वेकर पंथाचा आहे, त्याच्या मताला किंमत नाही. गर्दीला खूश करणे हाच ज्याचा धंदा असतो, त्याला त्या दिवशी तोंड मिटून बसणे सोपे होते. पेनला त्याच वर्षाच्या डिसेंबरात अटक झाली आणि लक्झेंबर्गच्या तुरुंगात तो दहा महिन्यांहून अधिक काळ राहिला. अमेरिकेचा फ्रान्समधला राजदूत जेम्स मन्रो याने सोडवले नसते तर कदाचित तिथेच संपला असता.

तिथून आजारी होऊन बाहेर पडल्यावर त्याने ‘अॅग्रेरियन जस्टिस’ लिहिले, ते 1797 मध्ये प्रसिद्ध झाले. लँडाफच्या बिशपने श्रीमंत आणि गरीब निर्माण करण्यात ईश्वराचे शहाणपण आहे असे प्रवचन दिले होते. पेनचे म्हणणे असे की ईश्वराने माणसे निर्माण केली आणि त्यांना पृथ्वी सामाईक दिली. जमीन कसणाऱ्याची मालकी त्याच्या कष्टातून वाढलेल्या किमतीवर, मूळ जमिनीवर नव्हे, म्हणून तो इतरांना भाडे देणे लागतो. मालकाच्या मृत्यूनंतर इस्टेटीचा दहावा हिस्सा राष्ट्रीय निधीत जावा आणि त्यातून प्रत्येकाला एकविसाव्या वर्षी 15 पौंड व पन्नाशीनंतर दरसाल 10 पौंड मिळावेत, श्रीमंताला आणि गरिबालाही. या युक्तिवादाशी कोणी असहमत होऊ शकतो. त्याला निव्वळ घोषणाबाजी म्हणता येणार नाही.

आता फुले. पेन वाचला म्हणून विचार उसना, असे म्हणणाऱ्यांनी पेनच्या पुस्तकात कुलकर्णी दाखवावा, भटाच्या दक्षिणेचा मुद्दा दाखवावा, मामलेदार कचेरीतल्या कारकुनांनी कुणब्याला नागवण्याची रीत दाखवावी. स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्नही ‘राइट्स ऑफ मॅन’मध्ये नाही. फुल्यांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा 1848 मध्ये काढली, ती पुस्तकातून उतरवलेली नव्हती. अमेरिकेचे ऋण फुल्यांनी लपवलेही नाही. ‘गुलामगिरी’ हे 1873 चे पुस्तक त्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. पुरोहितावाचून निर्मिकापाशी जाणारी ‘सार्वजनिक सत्यधर्मा’ची वाट पेनला ओळखीची वाटली असती, पण ती काढावी लागली ती इथल्या भिक्षुकशाहीतून.

पेनकडून फुल्यांनी काही घेतले असेल तर ते जमाखर्च तपासणे, असे मला वाटते. 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढचे त्यांचे निवेदन वाचा. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या जातींच्या मुलांवर होतो, हा तिथला मुख्य मुद्दा आहे. पुढची मागणीही ठोस: निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. कर कोणाच्या खिशातून निघाला आणि कोणाच्या घरी गेला, हा प्रश्न पेनने मिठावर आणि मेणबत्त्यांवर विचारला, फुल्यांनी शेतसाऱ्यावर आणि शाळांवर. शिवाय पेनला हिंदुस्थान अगदीच परका नव्हता. जानेवारी 1777 मध्ये, आपल्या ‘क्रायसिस’ या पत्रकमालेच्या दुसऱ्या अंकात, ब्रिटिश नौसेनानी लॉर्ड हाउला उद्देशून लिहिताना त्याने हिंदुस्थानात सांडलेल्या रक्ताची परतफेड इंग्लंडने अजून केलेली नाही असे सुनावले होते. फुल्यांच्या जन्माला तेव्हा पन्नास वर्षे अवकाश होता.

महाविद्यालयांत फुले शिकवताना पेनचे नाव घेऊन पुढे जाऊ नये. दुसऱ्या भागातले ते पाचवे प्रकरण आणि हंटर आयोगापुढचे निवेदन एकाच आठवड्यात, शेजारी ठेवून, आकड्यांसकट शिकवावे.