कोठीतला रेसिडेंट

हैदराबादची कोठी म्हटली की जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांची प्रेमकथा आठवते. डॅलरिंपलच्या 'व्हाइट मुघल्स'ने (२००२) तर ती घरोघरी नेली. मला मात्र कंपनीच्या या लष्करी अधिकाऱ्याचे तहनामे जास्त बोलके वाटतात. (कारकुनाची नजर, दुसरे काय!)

१७९८ च्या तहानंतर निजामाची फ्रेंचांच्या हाताखालची कवायती फौज लढाईविना बरखास्त झाली. १८०० च्या तहाने टिपूकडून मिळालेला बळ्ळारी, कडप्पाचा मुलूख फौजेच्या खर्चापोटी कंपनीच्या घशात गेला. कर्कपॅट्रिक दरबारात मुसलमानी पेहरावात वावरे, फारसी बोले. निजामाची त्याच्यावर माया. त्या मायेची किंमत निजामानेच मोजली, असे माझे मत.

आणि कंपनीने काय दिले? लग्नावरून चौकशी! आपल्या गोव्यात आल्बुकेर्कने अशी लग्ने धोरण म्हणून लावली होती. इथे वेलस्लीला ती खुपली.

१८०५ मध्ये दोन्ही मुले विलायतेला गेली, त्याच वर्षी कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. खैरुन्निसाला मुले पुन्हा दिसली नाहीत. तिचा रंगमहालही पुढे पाडला गेला. रेसिडेन्सी उभी आहे; १९४९ पासून तिथे मुली शिकतात.