पांढर ट्रॉलीत चाललीय आणि आपण ग्रुपवर भांडतोय

सातवाहन राजे वैदिक होते की बौद्ध, यावरून गेला आठवडाभर आमच्या भागातल्या दोन व्हॉट्सअॅप ग्रुपवर रणकंदन चालू आहे. काही जण रागानं ग्रुप सोडून गेले, दोघांना ॲडमिननं काढलं. म्हटलं, एवढं तापलंच आहे तर आपणही सविस्तर लिहावं. पोस्ट लांबलीय, पण वाचा.

आधी त्या वादाबद्दल. जुन्नरजवळ नाणेघाटात राणी नागनिकेचा लेख आहे. सुरुवातीलाच इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना नमन आहे. पुढं अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापणांचे आकडे. एक गट इथपर्यंत वाचतो आणि थांबतो. दुसरा गट थेट नाशिकच्या लेण्यात जातो. तिथं गौतमीपुत्र सातकर्णीची आई बलश्री बौद्ध भिक्खूंना लेणं दान देते. झालं, ते बौद्ध ठरले. पण त्याच लेखात ही आई आपल्या मुलाला अभिमानानं ‘एकबम्हण’ म्हणते, म्हणजे अद्वितीय ब्राह्मण. एकाच भिंतीवर, एकाच लेखात दान संघाला आणि कौतुक ब्राह्मण्याचं. त्या बाईला यात काही विचित्र वाटलं नाही. आपल्याला वाटतं, कारण आपण दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाकडून आजचा फॉर्म भरून घेतोय. नाव, जात, धर्म, पुढं सही.

तेरचं त्रिविक्रमाचं देऊळ बघा. विटांचं, मागच्या बाजूनं अर्धगोल. हा आकार मुळात बौद्ध चैत्याचा, असं इंग्रजांच्या काळात हेन्री कझिन्सनं लिहून ठेवलं. आत मात्र विष्णू. लोक ती वास्तू वापरत राहिले, म्हणून ती आज उभी तरी आहे. तेरला आपण गोरोबाकाकांच्या दर्शनाला जातो, पैठणला नाथषष्ठीला जातो, आणि दोन्ही ठिकाणी पायाखाली काय आहे ते न बघता प्रसाद घेऊन परत येतो.

राजांच्या भांडणात एक गोष्ट नेहमी राहून जाते. त्या काळाची कला राजांनी नाही, कारागिरांनी आणि व्यापाऱ्यांनी उभी केली. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं नाव कोरलंय. तिथल्याच यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या सोनाराचं नाव आहे, कान्हादास. सांचीच्या दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा मुख्य, आनंद, आपलं नाव सोडून गेलाय. शेजारीच विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी लिहून ठेवलंय की हे कोरीव काम आमचं. सांची आणि भारहूत, दोन्हीकडं दान देणाऱ्यांत ‘भोगवर्धन’ गावचे लोक आहेत.

भोगवर्धन म्हणजे आपलं भोकरदन. होय, जालना जिल्ह्यातलं, केळणा नदीच्या काठचं, जिथं आपण तहसीलच्या कामाला जातो ते.

आता हे नीट वाचा. १९३८ साली इटलीत पॉम्पेई शहराच्या उत्खननात हस्तिदंताची एक मूर्ती सापडली. उंची साधारण २४-२५ सेंटीमीटर. अंगभर दागिने घातलेली बाई, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. डोक्यातून खाली भोक पाडलंय, त्यामुळं ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या मेजाचा पाय असावा, असे अंदाज आहेत. आधी तिला लक्ष्मी म्हटलं, मग बरेच जण यक्षी म्हणायला लागले. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ही बाई त्याच्या आधीच समुद्र ओलांडून तिथं पोचली होती.

१९७३ साली मराठवाडा आणि नागपूर विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा अहवाल पुढच्याच वर्षी आला. त्या उत्खननात हस्तिदंताची एक तुटकी मूर्ती निघाली, आणि तिची घडण त्या पॉम्पेईच्या बाईशी जुळते. तेरलाही याच जातीची मूर्ती मिळालीय. त्यामुळं पॉम्पेईची बाई भोकरदनच्या किंवा आसपासच्या कारागिरानं घडवली असावी, असं काही अभ्यासक मानतात. सगळ्यांना हे मान्य नाही. तिच्यावर खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे, ते वायव्येकडं बोट दाखवतं, असा दुसरा पक्ष. तो वाद चालू राहू द्या, तो तरी पुराव्यावर चाललाय.

बाकी व्यापाराची साक्ष परक्या माणसाचीच आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’ या टिपणात लिहिलंय की भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर. पैठणहून रंगीत दगड जायचे, तेरहून कापड, सगळं गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून. रस्त्यांबद्दलची ती तक्रार वाचून मला हसूच आलं. अंबडहून पैठणला जाणाऱ्या कुणालाही येईल.

आज पॉम्पेईची ती मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. जगभरची माणसं तिकीट काढून बघतात. भोकरदनच्या वस्तू विद्यापीठांकडं गेल्या. आणि भोकरदनच्या शाळेतल्या पोराला दाखवायला भोकरदनमध्ये काय आहे? एक फोटोसुद्धा बसस्टँडवर नाही. त्या पोरानं लहानपणापासून ऐकलंय काय, तर मराठवाडा मागास, दुष्काळी, अनुशेषाचा. अंबड तालुका म्हटलं की टीव्हीवाल्यांना गेली काही वर्षं आंदोलनच आठवतं. कॅमेरे येतात, जातात. आपल्याबद्दल आपल्याला दुसरं काही माहीतच नसेल तर तेच खरं वाटायला लागतं.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहितोय ते.

आपल्याकडं गावाची जमीन दोन प्रकारची. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली, मातीच्या भिंती पडल्या, त्यावर पुन्हा घरं झाली, चुलीची राख, शेण, हाडं, खापरं साठत गेली, आणि जमीन उंच होत होत टेकाड झालं. ती पांढर. गोदाकाठच्या कितीतरी गावांना अशी पांढर आहे. त्या राखेमुळंच ती माती भुरकट-पांढरी आणि सुपीक. जुने लोक ती माळवदावर टाकायचे, कारण ती पाणी धरून बसते, गळू देत नाही. शेतात खत म्हणूनही जायची. पण तेव्हा पाट्या होत्या, घमेली होती. आता जेसीबी आहे. वीस पिढ्यांनी साठवलेलं चार दिवसांत सपाट होतं.

दोनेक वर्षांपूर्वी बातमीच्या निमित्तानं आपल्याच तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. टेकाडाचा निम्मा भाग कापलेला. कापलेल्या कडेला थर स्पष्ट दिसत होते, राखेचा काळा पट्टा, मग विटांचे तुकडे, मग लाल खापरं. शंखाच्या बांगडीचा तुकडा सहज हातात आला. ट्रॉलीवाल्याला विचारलं तर म्हणाला, “असले तर रोजच निघत्यात दादा, पोरं खेळत्यात.” त्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही.

मणी खिशात आला म्हणून इतिहास हाताला लागत नाही. तो कोणत्या थरात होता, शेजारी कोणतं नाणं होतं, वरच्या थरात काय होतं, यावरून काळ ठरतो. एकदा माती ट्रॉलीत कालवली की तो मणी नुसता मणी. सातवाहन कुणाचे हे ज्या पुराव्यावरून ठरायचं, तोच पुरावा कुणाच्या तरी घराच्या भरावात जातोय. आणि आपण मोबाईलवर शिव्या देतोय एकमेकांना.

लोक सापडलेलं लपवतात, कारण भीती. पंचनामा होईल, शेत अडकेल, पोलीस येतील. वास्तविक १८७८ चा निखात निधी कायदा आजही चालू आहे. दहा रुपयांच्या वर किमतीचं काही जमिनीत पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मूळ मालक कुणी निघाला नाही तर शोधणाऱ्याला हिस्सा मिळतो, आणि सरकारनं ते ठेवून घेतलं तर किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. हे गावात सांगायला एक तलाठी आणि अर्धा तास पुरतो. मला आजवर एकाही ग्रामसभेत हे ऐकायला मिळालेलं नाही.

२०२२ साली जांब समर्थच्या राम मंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा अख्खं राज्य हललं. विधानसभेत विषय निघाला, पोलीस मागे लागले, मूर्ती परत मिळाल्या. व्हायलाच पाहिजे होतं. देव आहेत ते. पण पांढरीत पुरलेल्या देवाला पुजारी नसतो, म्हणून त्याची फिर्याद कुणी देत नाही. तेर, नेवासे अशा जागी मातीच्या देवी निघाल्यात, त्यातली लज्जागौरी तर रा. चिं. ढेऱ्यांमुळं महाराष्ट्राला माहीत झाली. नवरात्रात मत्स्योदरीच्या पायऱ्या चढणाऱ्या आपल्या गर्दीला त्या देवी परक्या वाटायचं काही कारण नाही.

तेरचं संग्रहालय उभं राहिलं ते रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्या माणसानं वर्षानुवर्षं गोळा केलेल्या वस्तूंवर. पैठणचं बाळासाहेब पाटलांच्या संग्रहावर. दोन्ही ठिकाणी सरकार मागून आलं. आपल्या जिल्ह्यात असा माणूस आधी निघाला नाही म्हणून सरकारनं यावंच नाही का?

मागणी मोठी नाही. गौण खनिजाची परवानगी देताना तहसीलनं अर्जदाराला एकच जादा प्रश्न विचारावा: ही जागा जुनी पांढर आहे का? असेल तर पुरातत्त्व खात्याला कळवल्याशिवाय माती हलू नये. प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपली पांढर कागदावर नोंदवावी, गट नंबरसकट. आणि भोकरदनला एक खोली, फक्त एक खोली, जिथं त्या हस्तिदंताच्या बाईची प्रतिकृती, उत्खननाचे फोटो आणि मराठीत चार ओळी असतील. आमदार निधीतून होईल एवढं काम आहे, कमानींना पैसे पुरतात तर याला का नाही.

पुढच्या आठवड्यात पहिल्या दोन मागण्यांचं निवेदन अंबडच्या तहसीलदार साहेबांना देणार आहे. ज्यांच्या गावात पांढर शिल्लक आहे त्यांनी गावाचं नाव आणि कुठल्या बाजूला आहे एवढं मला कळवा, निवेदनाला यादी जोडायची आहे. तिथं सापडलेल्या वस्तूंचे फोटो मात्र इथं उघड्यावर टाकू नका, खरेदी करणारे पण वाचत असतात.